भोसल्यांचा उच्चार

यिशुन, सिंगापूर
१४ जानेवारी २०२४

ती. वन्संना सुलेखाचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. माझंच मागचं पत्र लाल शाईने तपासून सोबत परत पाठवलंत, तेही पोचलं. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्या पेनातली लाल शाई संपत नाही. इंग्रजी शब्दांच्या चुका मान्य. पण 'पातेलं' कसं लिहायचं ते मी ठरवीन, कारण ते घासते मी.

पत्रंच बरी पडतात. फोन केला की आपल्या दोघींपैकी एक रडते आणि दुसरी 'आवाज तुटतोय गं' म्हणते.

तुम्ही विचारलंत, दिवस कसा जातो. सकाळी लायब्ररी, दुपारी पुस्तक, संध्याकाळी खाली बाकावर चिनी आज्यांबरोबर बसते. त्यांना माझं इंग्रजी कळतं आणि मला त्यांचं, कारण आमचं सगळ्यांचं सारखंच आहे. सध्या एक इंग्रजी कादंबरी वाचतेय. त्यातली बाई सारखी 'मायझल्ड' होते. एम-आय-एस-एल-इ-डी. नवऱ्याने केली, वकिलाने केली, शेवटी पाद्र्यानेही केली. मी अर्थ लावला, उंदराने कुरतडल्यासारखी बारीक बारीक कुरतडली गेलेली. बरोबर का?

तुमच्या भावाला विचारायची सवय होती. ते कानाने इंग्रजी शिकले आणि मी डोळ्यांनी. मी लिहिलेलं त्यांना वाचता यायचं नाही, ते बोललेलं मला लिहिता यायचं नाही. इथे आले त्या वर्षी मी टॅक्सीवाल्याला 'क्लार्क क्वे' सांगितलं; त्या 'क्वे'चा उच्चार 'की' होतो हे मला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "की, की!" मी पर्समधून घराची किल्ली काढून दाखवली. यांना सांगितलं तेव्हा हसले नाहीत, फक्त म्हणाले, "मग टॅक्सी सुरू झाली का?"

आता कामाचं. जूनच्या अखेरीस यांचं वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी मला जेवायला यांच्या बोटीवरचे भोसले हवेत. तीस वर्षं त्या माणसाने माझे रव्याचे लाडू खाल्ले. त्यांच्या बायकोच्या पित्ताशयाच्या खड्यासाठी मी इथल्या मारुतीला नारळ फोडला. त्यांची मुलगी किमया झाली तेव्हा पिवळा स्वेटर विणला, टेक्का मार्केटमधून शिंपल्याची बटणं आणून. आणि यांच्या जाण्याला इतके महिने झाले तरी एक फोन नाही! अनुजा इथल्या पोरांसारखं 'लाह' लावून म्हणते, "आई, लेट इट गो लाह." तिला काय कळतंय. मी बोटीवर एकदाच चढले, तीही धक्क्याला बांधलेली होती, तरी ओकले. यांचं निम्मं आयुष्य तिकडे गेलं आणि मला त्यातलं काही दिसलं नाही. ज्याने ते पाहिलंय असा मला ठाऊक असलेला एकच माणूस म्हणजे भोसले. तुम्हाला त्यांचा पत्ता ठाऊक असेल तर कळवा. आधी मी त्यांना चार शब्द सुनावीन, मग वाढीन.

तुमची,
सुलेखा


पुणे
२ फेब्रुवारी २०२४

चि. सुलेखा, अनेक आशीर्वाद.

मायझल्ड नव्हे. मिस-लेड. म्हणजे फसवली गेलेली, चुकीच्या वाटेला लावलेली. उंदराचा काही संबंध नाही. तुझी ती बाई कुरतडलेली नसून भाबडी आहे.

तुझ्यासाठी नवा शब्द: व्हिक्चुअल्स असं दिसेल, म्हणायचं विटल्स. अर्थ, खाण्याचं सामान. वाक्यात उपयोग करून दाखव.

भोसल्यांचं म्हणशील तर तो नाद सोड. ती बोटीवरची माणसं, आज इथे तर उद्या तिथे. ते कोरेगावला शेती बघत असतील. आता वय झालं असेल, फोनही घेत नसतील. आणि बहुधा मुलीकडे कॅनडात असतात असं रवी एकदा म्हणाल्यासारखं आठवतं. वर्षश्राद्धाला घरची माणसं पुरेत.

आमचे नाना बरे आहेत. मिशांना हल्ली तेल लावतात. कशासाठी ते विचारू नकोस.

तुझी,
सुलभा


यिशुन
२५ फेब्रुवारी २०२४

ती. वन्सं,

वाक्यात उपयोग: भोसल्यांनी तीस वर्षं माझे विटल्स खाल्ले आणि ढेकरही दिला नाही.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकाच परिच्छेदात भोसले कोरेगावला शेती बघतात आणि कॅनडात मुलीकडेही राहतात. तुम्ही मुलींना निबंधात असं लिहू दिलं असतंत का? आणि त्यांची किमया अजून शाळेत असेल, ती कॅनडात कशी पोचली?

मी गप्प बसले नाही. बंदराजवळ खलाशांचं विश्रामगृह आहे, तिथे लाडवांचा डबा घेऊन गेले आणि काउंटरवर चिठ्ठी ठेवली: कॅप्टन रवींद्र टिपणिसांबरोबर काम केलेल्या श्री. भोसल्यांनी या नंबरवर फोन करावा. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "भोसले, ऑफ व्हॉट शिप?" मी म्हटलं, "ऑफ सातारा." तिने तसं लिहून घेतलं. वन्सं, घरात फोन वाजला की तो भोसल्यांचाच असं मला वाटतं.

लायब्ररीत जहाजांवरचं एक जुनं पुस्तक मिळालं. यांच्याविषयी काही कळेल म्हणून आणलं. पण इंग्रजांनी बोटीवरही अर्धी अक्षरं बुडवण्यासाठीच नेलेली दिसतात. तीन शब्दांचे उच्चार कळवा. पहिला फोरकॅसल, बोटीचा पुढचा भाग. दुसरा गनवेल, बोटीचा काठ. तिसरा बोटस्वेन, बी-ओ-ए-टी, पुढे एस-डब्ल्यू-ए-आय-एन. हा कोणीतरी माणूस आहे, दोरखंडांपाशी उभा राहून सगळ्यांवर ओरडतो.

सुलेखा


पुणे
१७ मार्च २०२४

चि. सुलेखा,

फोरकॅसल म्हणजे फोक्सल. गनवेल म्हणजे गनल. बोटस्वेन म्हणजे बोटस्वेनच. जसं लिहिलंय तसं. तिघांतला तो एकच सरळ शब्द आहे. फोनवर उच्चार ऐकत बसू नकोस, फोन अमेरिकन पद्धतीचं सांगतो.

गडबडीत आहे. हे पत्र छोटं.

सुलभा


यिशुन
२१ एप्रिल २०२४

ती. वन्सं,

पेढे वाटा. भोसले सापडले!

गेल्या रविवारी दारात उभे. उंच, सावळे, भरघोस मिशा, वर तेल लावलेलं. "वहिनी, ओळखलंत का? मी भोसले, बोटस्वेन." मी म्हटलं, "या, या, तीस वर्षं उशीर झालाय, चपला काढा." सहा पुरणपोळ्या खाल्ल्या. पित्ताशयाचं विचारलं तर डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, तुमच्या नारळानेच खडा विरघळला.

फार गोड माणूस. यिशुनच्या फ्लॅटमधली रिकामी खोली पाहून म्हणाले, "वर्षश्राद्धापर्यंत इथेच राहिलो तर?" मी चादरी बदलून दिल्या. यांचे बूट त्यांना अगदी बेताचे बसतात. यांची दुर्बीणही त्यांनी मागितली, आठवण म्हणून. द्यावी म्हणते.

तुमचं नाव काढलं. "साहेबांची बहीण ना? इंग्रजीच्या बाई? त्या आमच्याविषयी सगळं जाणतात." असं म्हणून डोळा मारला. मला त्याचा अर्थ लागला नाही. वर्षश्राद्ध झालं की ते पुण्याला येणार आहेत, तुमच्याकडेच उतरतील. त्यांना अळूची भाजी आवडते.

सुलेखा


ईमेल
२ मे २०२४
विषय: त्या माणसाला घराबाहेर काढ

सुलेखा,

तुझं पत्र आज मिळालं. सकाळपासून फोन करतेय, तू उचलत नाहीस. अनुजाला केला तर ती म्हणाली, "आत्या, आई भोसलेकाकांबरोबर ईस्ट कोस्टला फिरायला गेलीये." आणि फोन ठेवला! म्हणून शेजारच्या संजीवनीला बसवून हे टाइप करून घेतेय. तिच्यासमोर सगळं सांगावं लागतंय, पण इलाज नाही.

दुर्बीण देऊ नकोस. दाराला कडी लाव. पोलिसांना फोन कर. तो माणूस भोसले नाही, कारण भोसले नाहीच. कोणीच नाही. कधीच नव्हता.

बोटस्वेनचा उच्चार बोसन. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. प्रत्येक जहाजावर एक असतो आणि बहुतेक जहाजांवर वेगळा असतो. ब्याण्णव साली तुझं लग्न झालं आणि रवी महिन्याभरात बोटीवर गेला. रॉटरडॅमहून त्याचा फोन आला, खरखर, घरघर. तो म्हणाला, "इथला बोसन फार चांगला आहे, माझी काळजी घेतो." तू ओरडलीस, "भोसले? अगंबाई, आपल्याकडचे? साताऱ्याचे का?" आणि त्या गाढवाने तिकडून सांगितलं, "हो, साताऱ्याचेच."

मी शेजारी उभी होते. नंतर त्याने मला शपथ घातली. बाकी सगळं, ते कोरेगाव, ते पित्ताशय, ती किमया, तू विचारत गेलीस आणि तो बांधत गेला. मी आयुष्यात एकाही मुलीला चुकीचा उच्चार शिकवला नाही. तुला शिकवला, सतरा मार्चला, शाईने. आता तरी दार लाव.

सुलभा

(ता. क. बाई रडत आहेत. त्यांनी सांगितलं तसंच टाइप केलंय. — संजीवनी)


यिशुन
५ मे २०२४

ती. वन्सं,

आधी डोळे पुसा. संजीवनीला सांगा, पाणी दे. घरात कोणी नाही. दुर्बीण कपाटात आहे.

तुम्ही 'फोनवर ऐकू नकोस' असं लिहिलंत, म्हणून मी त्याच दिवशी ऐकलं. इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदाही 'जसं लिहिलंय तसं' म्हटलं नव्हतंत. इंग्रजीत जसं लिहिलंय तसं काही असतं यावर माझा विश्वासच बसेना. फोनचं बटण दाबलं. फोन म्हणाला, "बोसन." मला वाटलं, बिघडला. पुन्हा दाबलं. अनुजा भांडी लावत होती, ती तिथूनच म्हणाली, "बोसन लाह, आई. डॅड ऑल्वेज सेड बोसन." आणि तिच्या हातातली ताटली तशीच राहिली. लहानपणी तिने भोसलेकाकांना राखी पाठवली होती.

मग भोसल्यांना पत्रातच घरी बोलवायचं मी ठरवलं. मिशा नानांच्या घेतल्या. तेलही त्यांचंच. तुमच्या नवऱ्याच्या मिशा कोणाच्यातरी उपयोगी पडल्या म्हणून सांगा त्यांना. पुरणपोळ्या खऱ्या होत्या, मी आणि अनुजाने खाल्ल्या. तुम्ही घाबरलात त्याबद्दल थोडं वाईट वाटतं. फार नाही.

थट्टा इथे संपली, वन्सं.

मी मायझल्ड झाले. तुम्ही म्हणता मिस-लेड, पण माझा शब्दच बरोबर आहे. हे कळल्यापासून मी बारीक बारीक कुरतडली जातेय. खोटं बोलले म्हणून नाही. ते गेले आहेत, त्यांच्याशी भांडायला मी कुठे जाऊ? मला एकच कळायला हवं. मी लाडवांच्या डब्यावर इंग्रजीत 'मिस्टर भोसले' असं लिहायची. तो डबा बोटीवर उघडला की काय व्हायचं? सगळे जेवायला बसल्यावर ते सांगायचे का, ऐका, आमच्या हिला बोसन हे आडनाव वाटतं? दहावी झालेली बायको, वाचते फार, कळत काही नाही? तीस वर्षं एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर माझा विनोद फिरत होता का? आणि तो स्वेटर कुठे गेला?

तुम्ही तेव्हा फोनशेजारी उभ्या होतात. खरं लिहा. उच्चारात चूक केलीत तशी यात करू नका.

सुलेखा


पुणे
२० मे २०२४

चि. सुलेखा,

नानांनी तुझं पत्र वाचून मिशा कापल्या. म्हणतात, भोसल्यांना दिल्या.

खरं लिहिते. बोटीवर तो काय सांगायचा ते मला माहीत नाही. मी तिथे नव्हते. मला माहीत आहे ते एवढंच. त्या दिवशी फोन ठेवून तू आईला म्हणालीस, "आता काळजी नाही, यांच्याबरोबर भोसले आहेत." लग्नानंतर तो गेल्यापासून तू नीट झोपत नव्हतीस. त्या रात्री झोपलीस. पुढच्या फोनवर मी रवीला म्हटलं, तिला खरं सांग, पोरगी अडाणी ठरेल. तो म्हणाला, "ताई, ती झोपते ना? मग राहू दे भोसले."

निवृत्त झाला तेव्हा मी पुन्हा विचारलं. म्हणाला, "आता कसं सांगू? किमया नववीत आहे."

हसले असेन तर मी हसले. स्वेटरचं मला खरंच ठाऊक नाही.

तुझ्या या पत्रात एकही लाल खूण केलेली नाही. चुका होत्या.

सुलभा


यिशुन
३ जुलै २०२४

ती. वन्संना नमस्कार.

वर्षश्राद्ध नीट पार पडलं. त्याच्या आदल्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर. मी घेतला. पलीकडून एक पुरुष म्हणाला, "मॅम? बोसाले स्पीकिंग."

मी म्हटलं, "अनुजा, पुरे झालं गं." आणि फोन ठेवला.

पुन्हा वाजला. "मॅम, प्लीज. बोसाले. फ्रॉम कॅप्टन टिपणिस शिप. यू लीव्ह मेसेज, सीमेन्स क्लब." मी खुर्चीवर बसले. वन्सं, मी हे बनवून लिहीत नाही. अनुजाची सही खाली घेतली आहे.

वर्षश्राद्धाच्या दिवशी ते जेवायला आले. नाव रोलांदो, गाव फिलिपिन्समधलं सेबू. ठेंगणे, गोरे, मिशी नाही. यांच्या शेवटच्या तीन बोटींवर तेच बोसन होते. दारात उभे राहून छातीवर हात ठेवून म्हणाले, "मॅम, आय अ‍ॅम बोसाले." त्यांना 'भ' म्हणता येत नाही.

मी विचारलं, तुम्हाला हे नाव कोणी दिलं? तर म्हणाले, नाव साहेबांचंच, आधीच्या बोसनपासून चालत आलेलं. तोही बोसाले होता, रत्नागिरीकडचा कोणी. त्याच्या आधीचा इंडोनेशियन, तोही बोसाले. बोटीवर रुजू झाले त्या दिवशी यांना रोलांदोंनी "गुड मॉर्निंग, आय अ‍ॅम युवर न्यू बोसन" म्हटलं. हे म्हणाले, "नॉट बोसन. बोसाले." त्यांना वाटलं, साहेबांना शब्द येत नाही. घाबरत घाबरत म्हणाले, सर, डिक्शनरीत बोसन आहे. त्यावर यांनी काय सांगितलं ते मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. "डिक्शनरी तिच्या घरी बरोबर असेल. माझ्या घरी बोसाले म्हणतात. या बोटीवर माझ्या घरचा उच्चार चालेल."

वन्सं, मला कोणी हसत नव्हतं. यांनी माझी चूक सुधारली नाही. अख्ख्या बोटीची भाषा सुधारली. नवे खलाशी चुकून बोसन म्हणाले की बाकीचे त्यांना दुरुस्त करायचे. खाण्याचा डबा आला की पहिला लाडू बोसालेंचा, कारण वर नाव त्यांचं. त्याबदल्यात घरून फोन आला की कॅप्टनसाहेबांना सर्दी नाही ना, जेवले ना, हे बोसालेंनी आधी पाहून ठेवायचं, ही बोटीवरची शिस्त होती. "आय टेक केअर, मॅम. इट इज द जॉब ऑफ बोसाले."

जेवताना अळूचं फदफदं वाढलं. त्यांना मुळीच आवडलं नाही, तरी संपवलं. मग फोन काढून एक फोटो दाखवला. झोळीत बाळ, अंगात पिवळा स्वेटर. मी फोटो मोठा करून बटणं पाहिली. शिंपल्याची. म्हणाले, तिकडे उकडतं, स्वेटर कोणी घालत नाही, पण साहेब म्हणाले होते, एकदा तरी घाल, फोटो काढ. मुलगी आता नववीत आहे.

मी नाव विचारलं नाही. काहीतरी सेबूचं चांगलं नाव असेल. माझ्यासाठी किमया.

तुम्ही त्यांचा पत्ता मागाल म्हणून सोबत लिहिला आहे. आंब्याच्या वड्या आवडतील म्हणाले. डब्यावर नाव नीट लिहा.

आणि तुमच्या त्या जाडजूड डिक्शनरीत 'बी'चं पान काढून समासात लाल शाईने लिहा: बोटस्वेन. यिशुनमधला उच्चार, भोसले. दाराशी आलेला, भूक लागलेला, आपला माणूस.

जसं लिहिलंय तसं.

तुमची,
सुलेखा

खरं आहे, आत्या. ही वॉज रिअल लाह. — अनुजा